खासगी बोलणं, ऑफिसचा आवाज

ऑफिसच्या फोनवरून घरी बोलणारा माणूस लांबूनही ओळखू येतो. "हो. हो. बघतो. संध्याकाळपर्यंत कळवतो." पलीकडून बायको विचारत असते, येताना कोथिंबीर आणणार का, इकडे चेहरा टेंडर उघडल्यासारखा. शेजारच्या टेबलाला सगळं कळलेलं असतं, पण तेही फायलीत डोकं घालून बसतं. उद्या त्यालाही फोन करायचा असतो ना!

चकतीच्या काळ्या फोनला तेव्हा चिमुकलं कुलूप असे आणि किल्ली हेडक्लार्कच्या खणात. पण कुलूप चकतीला, दांडीला नव्हे. रिसीव्हर ठेवायची दांडी बोटाने टकटक दाबली की नंबर लागायचा. पाचासाठी पाच टिचक्या, शून्यासाठी दहा. नाशिकचा ०२५३ हा नुसता कोड लावायलाच वीस! मध्ये एखादी टिचकी हुकली की भलत्याच घरी फोन. एवढ्या चिकाटीने कोणी कधी ऑफिसचं काम केल्याचं ऐकिवात नाही.

पुढे ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसचं स्वतःचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, आलं. शून्य दाबून बाहेरची लाइन घ्यायची आणि महिनाअखेरीला छापील यादी टेबलावर यायची: कुठलं एक्स्टेंशन, कुठला नंबर, किती मिनिटं. खासगी कॉलपुढे खूण करून पैसे भरायचे. त्या यादीत सासुरवाडी काही लपत नसे. १९९५ साली मोबाइल आला खरा, पण त्यावर आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत. ते २००३ मध्ये थांबलं, आणि मग ऑफिसच्या फोनवरची गर्दी हळूहळू ओसरली.

ई-मेलवर मात्र तो ऑफिसचा आवाज आपोआपच चिकटतो. आमच्या नात्यातल्या एका काकांनी पुतणीचं स्थळ कंपनीच्या आयडीवरून पाठवलं. "पत्रिका जोडली आहे. मंगळ नाही." त्याखाली पदनाम, एक्स्टेंशन नंबर आणि ठरलेली तंबी: हा मजकूर गोपनीय असून चुकून आपणांस मिळाल्यास त्वरित नष्ट करावा. गोपनीय कसलं? तो मेल कंपनीच्या सर्व्हरवर कायमचा राहिला असणार, मंगळ नसल्याच्या ग्वाहीसकट. माझ्या मते एवढ्यातेवढ्याला चोरी म्हणू नये. दिवसाचे नऊ-दहा तास माणूस तिथे बसणार, तर पुतणीचं लग्न त्याने ठरवायचं कुठून?

मुलाकडचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, तेही ऑफिसातूनच. "आपला मेल मिळाला. विषय वरिष्ठांपुढे ठेवला आहे."

वरिष्ठ म्हणजे मुलाची आई.