तिबेटी टंका: तुकड्यांचा डबा भरतोय

या पावसाळ्यात संग्रहात अख्खं नाणं आलं नाही, आला तो तुकडा. तरी मी खूश आहे.

तिबेटात सुट्ट्या पैशांची चणचण असायची, म्हणून चांदीचा टंका सरळ कापत. शो आणि स्कार ही तिबेटी चलनाची एककं: टंका म्हणजे दीड शो, म्हणजे 15 स्कार. दोन तृतीयांश तुकडा एक शोचा, अर्धा साडेसात स्कारांचा आणि एक तृतीयांश पाचाचा. हा शेवटचा म्हणजे खा-गांग. माझ्याकडे तोच नव्हता. आता मिळालाय, गादेन नावाच्या प्रकारच्या टंक्याचा. मधलं कमळ चिरलंय, कडेच्या आठ मंगलचिन्हांपैकी दोन शाबूत, तिसरं अर्धवट.

कापलेल्या नाण्यात फसवणूक सोपी. साधा गादेन टंका अजून फार महाग नाही. तो आज कातरून 'जुना तुकडा' म्हणून खपवता येतो. म्हणून मी आधी भिंगाखाली कापाची कड बघतो. कड पृष्ठभागाइतकीच झिजलेली, काळवंडलेली हवी. धारदार आणि लख्ख असेल तर सोडून द्यावं. माझ्या तुकड्याची कड बोटाला गुळगुळीत लागते, खाचेत मळ बसलाय. तो मळ मी काढणार नाही, कृपया कुणी लिंबू-चिंच सुचवू नये!

कोंगपार या दुसऱ्या प्रकारच्या टंक्याचा शोध चालूच आहे. त्यावर साल अंकांत असतं आणि तिबेटी 1, 2, 3 आपल्याला जवळपास वाचताच येतात. पहिला आकडा साठ वर्षांच्या रबजुंग चक्राचा, दुसरा त्यातल्या वर्षाचा. चक्रातून एक वजा करून साठाने गुणा, वर्ष मिळवा, वर 1026 घाला: 13-45 म्हणजे 1791. मला हवं ते हेच. 13-46 त्यामानाने सहज दिसतं, पण ते साल पुढे एकोणिसाव्या शतकातही तसंच ठोकत राहिले. तेव्हा 13-46 वाचून लगेच 1792 ची किंमत मोजू नका.

चीनच्या सिचुआन प्रांतात तिबेटसाठी पाडलेल्या सिचुआन रुपयाचा नाद सध्या सोडलाय. व्हिक्टोरिया राणीच्या भारतीय रुपयावर बेतलेलं, चिनी सम्राट ग्वांगशूच्या चेहऱ्याचं नाणं देखणं खरं, पण बाजारात नकलांचा सुळसुळाट आहे. सोन्याचे 20 स्रांग (एक स्रांग म्हणजे दहा शो; 1918 ते 1921) लिलावाच्या कॅटलॉगमध्येच बघायचे, आपल्या खिशाचं ते काम नाही.

पुढचा नंबर चांदीच्या नेपाळी मोहरांचा. त्याही तिबेटात चालत आणि अशाच कापल्या जात. कुणाकडे जास्तीचा अर्धा तुकडा असेल तर अदलाबदलीला माझ्याकडे गादेनचे दुहेरी नग आहेत.