दार बसवायचं, पण आधी पाण्याला वाट द्यायची

आमच्या मागच्या दाराच्या चौकटीचा खालचा भाग कुजला होता. वरून रंग शाबूत दिसायचा, पण स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं की ते सरळ आत जायचं. अमेरिकेत लाकडी घरांत राहायला लागल्यापासून हे दुखणं मी बऱ्याच ओळखीच्या घरांत पाहिलं आहे, आणि ते जवळजवळ नेहमी एकाच जागी असतं: बाहीच्या, म्हणजे चौकटीच्या उभ्या बाजूच्या, तळाशी, उंबरठ्याला लागून. म्हणून नुसतं ठिगळ न लावता चौकटीसकट नवं दार बसवायचं ठरवलं.

आपल्याकडे विटांच्या बांधकामात चौकट आधी उभी करतात आणि भिंत तिच्या अंगाने चढत जाते. होल्डफास्ट, म्हणजे चौकटीला जोडलेल्या लोखंडी पट्ट्या, भिंतीत गाडून काँक्रीट भरलं की चौकट हलायचं नाव घेत नाही. इथे भिंत म्हणजे उभ्या लाकडी वाशांचा सांगाडा. त्याला बाहेरून लाकडी तक्ते, त्यावर पाणी अडवणारं पातळ आवरण आणि शेवटी दर्शनी पट्ट्या. आतून जिप्समचे बोर्ड. सांगाड्यात दाराएवढी जागा मोकळी ठेवलेली असते आणि चौकट नंतर तिच्यात सरकवतात. बाजारात दार बहुतेक वेळा 'प्रीहंग' मिळतं, म्हणजे चौकट, पल्ला (दाराचा उघडमीट होणारा भाग), बिजागऱ्या, उंबरठा आणि वारा अडवणाऱ्या पट्ट्या असं सगळं जोडूनच येतं.

मापं घेताना घाई करू नये. ३६ इंच रुंद आणि ८० इंच उंच पल्ल्यासाठी भिंतीतली मोकळी जागा साधारण ३८ इंच रुंद आणि ८२ ते ८२.५ इंच उंच लागते. शिवाय भिंतीची जाडी. इथे ज्याला 'टू बाय फोर' म्हणतात तो वासा प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचांचा असतो. त्यात बाहेरचा तक्ता आणि आतला बोर्ड प्रत्येकी अर्ध्या इंचाचा धरला तर साडेचार इंच होतात, म्हणून अशा भिंतीसाठी चौकटीची खोली ४ पूर्णांक ९/१६ इंच मागवायची. घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. त्या वर्षी इथे घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर बंदी आली. लहान मुलं असलेल्या घरात तरी जुनी चौकट उचकटण्याआधी रंग तपासून घ्याच.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम, जे दार बसल्यावर कोणालाच दिसत नाही: उंबरठ्याखालचा तळ. माहितीच्या व्हिडिओंमध्ये यावर जेमतेम अर्धा मिनिट खर्च करतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वाऱ्याबरोबर येणारा पाऊस कधी ना कधी चौकटीच्या सांध्यातून आत शिरणारच. तेव्हा पाणी येणार हे धरून चालायचं आणि त्याला बाहेर जायची वाट आधीच करून ठेवायची. मोकळ्या जागेच्या तळाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यायचा, त्यावर पाणी न झिरपणारी चिकट पट्टी अंथरायची, दोन्ही कोपऱ्यांत ती काही इंच वर चढवायची आणि आतल्या कडेला बारीकसा बांध ठेवायचा. म्हणजे आलेलं पाणी खोलीकडे न वळता बाहेर निघून जातं.

पट्ट्या लावायचा क्रमही ठरलेला: आधी तळ, मग दोन्ही बाजू, शेवटी वरची. प्रत्येक वरची पट्टी खालचीच्या अंगावर यायला हवी, छपरावर कौलं चढवतात तशी. क्रम उलटा झाला तर तीच पट्टी पाणी अडवण्याऐवजी आत ओढून घेते. दार बसवताना चौकटीच्या बाहेरच्या पट्टीमागे सीलंट द्यायचं ते दोन्ही बाजूंना आणि वर. खालची बाहेरची कड मात्र मोकळी सोडायची. तीही बुजवली तर आत शिरलेलं पाणी तिथेच तुंबतं आणि काही वर्षांत बाहीचं टोक पुन्हा मऊ पडतं. बाह्यांची खालची कापलेली टोकं आधीच रंगवून घ्यावीत, कारण लाकूड पाणी पितं ते तिथूनच.

यानंतर ओळंबा, म्हणजे चौकट अगदी सरळ उभी करणं. चौकट उभी केली की आधी बिजागरीची बाजू धरायची, दुसऱ्या बाजूकडे तोवर बघायचंही नाही. प्रत्येक बिजागरीमागे पाचरींची जोडी, एक आतून आणि एक बाहेरून, म्हणजे दोन्ही मिळून सपाट बसतात आणि बाही पिळवटत नाही. ही बाजू दोन्ही अंगांनी ओळंब्यात आली की वरच्या बिजागरीतला एक छोटा स्क्रू काढून तिथे तीन इंची स्क्रू थेट वाशात घुसवायचा. पल्ल्याचं सगळं वजन तिथेच लोंबकळतं. हा स्क्रू नसेल तर दार हळूहळू झुकतं आणि खाली घासू लागतं. मग कुलपाच्या बाजूला पाचरी सारत पल्ल्याभोवतीची फट सगळीकडे सारखी, साधारण ३ मिलिमीटर करायची. या कामात शेजारी राहणारे एक निवृत्त सुतार मदतीला होते. त्यांनी लेव्हल लावण्याआधी दार अर्धवट उघडून हात सोडला. दार आपोआप मिटायला किंवा उघडायला लागलं, तर बाही ओळंब्यात नाही. आमचं दार जागचं हललं नाही.

उरलेल्या फटीत फोम भरायचा तो कमी फुगणाराच, डब्यावर 'दारं-खिडक्यांसाठी' असं लिहिलेला. दुसरा फोम फुगताना चौकट आतल्या बाजूला ढकलतो आणि तासाभरापूर्वी छान मिटणारं दार अडकायला लागतं.

आतली सजावटीची पट्टी मी मुद्दाम शेवटी ठेवली. आधी बागेच्या नळीने बाहेरून पाणी सोडलं. सुरुवात उंबरठ्यापासून, थोडा वेळ तिथेच, मग हळूहळू वर. वरून सुरुवात केली असती तर गळती नेमकी कुठली, हे कळलं नसतं. बायको आत टॉर्च घेऊन तळाशी बसली होती. बांधाच्या अलीकडे थेंबही आला नाही, तेव्हा पट्टी ठोकली.