मतदार झाले, पण निवडणूक कुठाय?

'पहिलं मत दिलंस तेव्हा कसं वाटलं गं?' लग्नकार्यात, ऑफिसातल्या चहाला, कुणी ना कुणी हे विचारतंच. शाई लावलेल्या बोटाचा फोटो मी स्टेटसला ठेवला होता, त्याचा परिणाम असावा. आजवर 'छान वाटलं' म्हणून वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगते: पहिलं मत दिलं तेव्हा विशेष काही वाटलं नाही. तिसऱ्या वेळी वाटलं.

मी मार्च 2021 मध्ये अठरा पूर्ण केली. तेव्हा मतदार यादीसाठी 1 जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती, त्या दिवशी अठरा पूर्ण असायला हवीत, म्हणजे मार्चवाल्यांनी पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं. (आता वर्षात चार तारखा आहेत आणि सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्जही भरता येतो. आमच्या मागच्यांची चैन आहे.) नाव नोंदवायचा सहा नंबरचा फॉर्म मोबाईलवरून भरला, बीएलओ बाई, म्हणजे आमच्या भागाची मतदार यादी बघणाऱ्या, घरी येऊन कागद बघून गेल्या, आणि 2022 च्या यादीत नाव आलं. गाडीच्या पेट्रोलला बाबांपुढे हात पसरणारी मी, पण यादीत त्यांच्यासारखाच माझाही स्वतंत्र अनुक्रमांक. नाशिक महापालिकेची निवडणूक तोंडावर होती. आमच्या हिरावाडीतून यंदा कोण उभं राहतंय, याची चौकशीही मी सुरू केली.

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक काही आलीच नाही. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयात तारखांवर तारखा, आणि इकडे प्रशासक. महासभेचे अधिकार आयुक्तांकडे, स्थायी समितीचेही त्यांच्याकडेच. अंदाजपत्रक त्यांनीच मांडायचं आणि मंजूरही त्यांनीच करायचं. कामं होत नव्हती असं नाही. आमच्या गल्लीतलं तुंबलेलं चेंबर तक्रारीनंतर साफ झालंच. पण कोणता रस्ता आधी करायचा हे ठरताना आमच्या बाजूने भांडणारं तिथे कुणी नव्हतं. शहरभर फ्लेक्स मात्र जोरात. काही माजी नगरसेवकांचे, बाकी सगळे भावी नगरसेवकांचे. आजी तेवढी फक्त आमच्या घरात होती.

तिने माझा वैताग ऐकून घेतला आणि म्हणाली, 'अगं, माझंही अस्संच झालं होतं.'

तिचा जन्म 1941 चा. मताचं वय तेव्हा 21. तिचं नाव यादीत नुकतंच चढलं होतं आणि 1963 मध्ये नाशिक लोकसभेची पोटनिवडणूक लागली. चीनच्या युद्धाच्या वेळी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणतात तो काळ. नाशिकने त्यांना बिनविरोध खासदार केलं. शहराला त्याचा अजून अभिमान आहे, आजीलाही आहे. 'पण बिनविरोध म्हणजे मला कुणी विचारलंच नाही की,' हेही ती साठ वर्षांनंतर ऐकवते. लोकसभेचं पहिलं मत तिने थेट 1967 ला दिलं. निघताना सासऱ्यांनी दारातच बजावलं, 'बैलजोडी.' म्हणजे काँग्रेसचं तेव्हाचं चिन्ह. तिने मान डोलावली. शिक्का कशावर मारला, ते आजोबांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारलं तर पदर तोंडाला लावून हसते. बाबा त्यामानाने नशीबवान. 1989 मध्ये वयोमर्यादा 18 वर आली आणि त्यांनी एकोणिसाव्या वर्षीच मत देऊन टाकलं.

माझं पहिलं मत 20 मे 2024 चं, लोकसभेचं. ऊन मी म्हणत होतं. शाळेचा वर्ग, बटण, काचेमागे सात सेकंद दिसलेली चिठ्ठी, बाहेर येऊन फोटो. नोव्हेंबरात विधानसभा, तेच पुन्हा. दोन्ही वेळा मी उमेदवारांना बातम्यांतून ओळखत होते. त्यांनी मला ओळखायचं काही कारणच नव्हतं.

मग सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, आणि जानेवारी 2026 मध्ये एकदाची महापालिका आली. संक्रांतीच्या आसपास एक उमेदवार आठ-दहा जणांना घेऊन दारात उभे. मला ओलांडून बाबांना नमस्कार घातला आणि विचारलं, 'काका, घरात किती मतं?' बाबा म्हणाले, 'चार.' नेहमीचा प्रश्न, नेहमीचं उत्तर. मी म्हटलं, 'तीन धरा. माझं मला विचारा.' क्षणभर सगळे गप्प. मग ते खरंच माझ्याकडे वळले, आणि संध्याकाळच्या पाण्याच्या दाबापासून कोपऱ्यावरच्या बंद दिव्यापर्यंत मी सगळं काढलं. कार्यकर्त्यांपैकी एकजण वहीत लिहूनही घेत होता. आई आतून डोळे वटारत होती ते वेगळं. एवढ्या वर्षांत वाटायचं राहिलेलं जे काही होतं, ते मला त्या उंबऱ्यात वाटलं.

मतदानाला आजी माझ्यापुढे होती. एका प्रभागात चार जागा, अ, ब, क, ड. चारही ठिकाणी बटण दाबायचं, कुणीच नको असेल तर नोटा, आणि मगच लांब बीप. आजीची बीप काही येईना. मागे रांगेत चुळबूळ सुरू झाली. आडोशामागून तिचा आवाज आला, 'थांबा हो, वाचू तर द्या.' वय 84, चष्मा जाड, पण मदतीला कुणी नको म्हणाली. मी चारपैकी एका जागी नोटा दाबला. कुठे, ते घरात अजून कुणाला माहीत नाही.

निकालात मी मत दिलेल्या तिघांपैकी एकच जण निवडून आला. तरी कोपऱ्यावरच्या दिव्यासाठी फोन मी निवडून आलेल्या चौघांनाही केला. दोघांनी उचललाच नाही. एक म्हणाले, 'बघतो.' चौथ्या बाईंनी मात्र खांबाचा नंबर विचारला आणि मला चप्पल घालून तो बघायला खाली जावं लागलं.