तुळईवरचे नाव

राजापूर तालुक्यातील एका ग्रामदेवतेच्या सभामंडपाचे काम गेल्या माघात माझ्याकडे आले. ऑइल पेंटचे इतके थर साचले होते की खांबांवरच्या वेलबुट्टीची पाने सुजल्यासारखी दिसत होती. काम शिमग्यापूर्वी उरकायचे होते आणि निविदेत ‘रंग काढणे’ चौरस फुटाच्या दराने लिहिले होते. असा दर लिहिणाऱ्याने ग्राइंडर फिरलेले लाकूड जवळून पाहिलेले नसते. रंगाबरोबर पटाशीच्या खुणाही जातात आणि त्या पुन्हा आणता येत नाहीत.

आम्ही आधी रंगाच्या थरांत दोन बोटे रुंदीची खिडकी उघडून पाहतो. द्रावकात भिजवलेला कापसाचा बोळा ठेवायचा, रंग मऊ झाला की स्केलपेलने अलगद उचलायचा आणि दर थराला भिंगाखाली थांबायचे. तुळईच्या पोटाला निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली खडूचे पांढरे अस्तर आणि त्यावर गेरूने रंगवलेले एक पान निघाले. त्या पानाच्या मोहात मी न थांबता खिडकी वीतभर वाढवली. पिवळ्यावर काळी अक्षरे आहेत हे लक्षात येईपर्यंत पहिली दोन गेली होती. उरले ते ‘…राम, मुंबई, सन 1961’.

गुरवांनी वाडीतल्या एका आजींना बोलावून आणले. त्या बराच वेळ वर पाहत राहिल्या. “माझे बाबा ते. गिरणीत होते. या रंगाचे पैसे त्यांनी धाडलेले. तुम्ही नाव काढलंत काय?”

ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाविषयीच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचे 11 वे कलम मी विद्यार्थ्यांना शिकवतो: वास्तूत प्रत्येक काळाने घातलेली भर मानायची, आणि काय नष्ट करायचे हे काम पाहणाऱ्या एकट्या माणसाने ठरवायचे नाही. परांचीवर चढल्यावर मी नेमके तेच केले.

पान हवे की नाव, यावर मानकऱ्यांत दोन तट पडले, तेव्हा गावाने देवीला फुलांच्या पाकळ्या चिकटवून कौल लावायचे ठरवले. माझ्या सहकाऱ्याला हे अशास्त्रीय वाटले. मला वाटले नाही, कारण त्या तुळईखाली पिढ्यानपिढ्या बसणाऱ्यांना विचारण्याची त्या गावाची हीच रीत आहे. झाकलेले पान पुढे कधीही उघडता येईल, पुसलेले नाव परत येणार नाही, एवढे मी आधी सर्वांसमोर सांगितले. पाकळी उजवीकडून पडली आणि नाव राहिले. ती डावीकडून पडती, तर मी पुन्हा स्केलपेल उचलले असते का, हे मला अजून सांगता येत नाही.

निघताना आजींनी ती दोन अक्षरे पुन्हा लिहून देण्यास सांगितले. मूळ अक्षरांचे वळण मी पाहिलेले नाही, आणि वरच्या निळ्या रंगामुळे ती कोणत्याही फोटोत नाहीत. त्यांना मी अद्याप उत्तर दिलेले नाही.