तुम्ही विचारलंत म्हणून: नववीला कोणते कोर्स घ्यायचे?

जानेवारी लागला की माझ्या फोनवर तोच प्रश्न निरनिराळ्या घरांतून येऊ लागतो. "ताई, मुलगा ऑगस्टमध्ये हायस्कूलला जाणार. कोर्सचा फॉर्म आलाय, शुक्रवारी बंद होतोय. काय काय टाकू?" मी कॅलिफोर्नियातल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे आणि इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना ते ठाऊक आहे. त्यामुळे कार्यक्रमाच्या मध्यंतरातही कुणीतरी हळूच बाजूला घेतंच. दरवेळी तुकड्यातुकड्यांत उत्तर देत बसण्यापेक्षा एकदा सगळं सांगते. नियम सांगेन ते कॅलिफोर्नियाचे. न्यू जर्सी किंवा टेक्सासवाल्यांनी आपापल्या राज्याचे तपासून घ्यावेत.

या प्रश्नाच्या पोटात एक भीती असते, तिच्यापासून सुरुवात करू. आपल्यापैकी बहुतेकांनी दहावीनंतर सायन्स, कॉमर्स, आर्ट्स यांतलं एक काहीतरी निवडलं. गणित सोडलं की इंजिनिअरिंग गेलं, बायोलॉजी सोडलं की मेडिकल गेलं. पंधराव्या वर्षी दार बंद होऊ शकतं हे आपण स्वतः पाहिलंय, म्हणून नववीचा फॉर्म हातात आला की छातीत धडधडतं. पण इथे शाखा नसते. पुढे नाटक शिकणारा आणि पुढे न्यूरोसर्जन होणारा हे दोघंही नववीत एकाच बायोलॉजीच्या वर्गात शेजारी बसतात. कॉलेज मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, विचारतं ते बारावीत, अर्ज भरताना. मेडिकल स्कूल तर चार वर्षांच्या पदवीनंतरची गोष्ट, आणि तिथेही पदवीचा विषय कुठला असावा असं बंधन नाही, ठरावीक विज्ञानविषय केलेले लागतात एवढंच. टेक्सासमध्ये 2013 च्या कायद्यापासून नववीत शिरतानाच पाच 'एन्डोर्समेंट'पैकी, म्हणजे अभ्यासाच्या पाच दिशांपैकी, एक लेखी निवडावी लागते खरी, पण तीसुद्धा पुढे बदलता येते.

आता फॉर्म. दिवसाला सहा पिरियड असलेली शाळा धरा. इंग्रजी, गणित, विज्ञान, पीई (शारीरिक शिक्षण) आणि परकीय भाषा हे पाच झाले. उरला एक. काही शाळा तिथेही हेल्थ किंवा एथ्निक स्टडीज घालतात. म्हणजे ज्या फॉर्मपायी घरात आठवडाभर वाद चालतो, त्यात खरी मोकळी चौकट जेमतेम एक असते. मी हे आकडे मांडून दाखवले की आईबाबांचा चेहरा पडतो. एवढंच? हो, एवढंच. पण गणिताची पायरी कुठली आणि त्या एका चौकटीत काय, या दोन गोष्टींवर विचार करण्यासारखं बरंच आहे.

त्याआधी यूसीची यादी सांगून टाकते, कारण ती माहीत नसल्याने फार अफवा पिकतात. यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, प्रवेशासाठी 'ए-जी' नावाचे वर्षभराचे 15 कोर्स लागतात: इतिहास-समाजशास्त्र 2, इंग्रजी 4, गणित 3, विज्ञान 2, भाषा 2, कला 1 आणि कॉलेजच्या तयारीचं इलेक्टिव्ह 1. त्यांतले 11 बारावी सुरू होण्याआधी व्हायला हवेत आणि प्रत्येकात किमान 'सी' ग्रेड. सहा पिरियड गुणिले चार वर्षं म्हणजे 24 जागा. हे 15 बसवूनही हात मोकळा राहतो. गणिताची चार आणि भाषेची तीन वर्षं यूसी सुचवते, तीही बसतात. शाळेतून पास होण्याच्या राज्याच्या अटी याहून सौम्य आहेत. उदाहरणार्थ, राज्याला गणित दोनच वर्षं पुरतं. 'ग्रॅज्युएशनपुरतं झालंय' आणि 'यूसीपुरतं झालंय' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घोटाळा नेहमी इथेच होतो.

आणखी एक, जे ऐकून लोक दोनदा विचारतात: यूसी जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढते तो दहावी आणि अकरावीच्या ग्रेडवरून. नववीचे कोर्स ए-जीसाठी धरले जातात, ग्रेड त्यांना दिसतातही, पण जीपीएच्या गणितात येत नाहीत. नववीतल्या ऑनर्सला, म्हणजे त्याच विषयाच्या वरच्या पातळीच्या वर्गाला, यूसीकडून जादा पॉइंटही नाही. याचा अर्थ नववी उनाडायची असा नव्हे. खासगी कॉलेजं बहुधा चारही वर्षं पाहतात, आणि नववीत लागलेली सवय दहावीत सुटत नाही. पण 'नववीत ऑनर्स नाही घेतलं तर बर्कली गेलं' (बर्कली हे यूसीचंच नावाजलेलं विद्यापीठ) हे जे व्हॉट्सअॅपवर फिरतं, त्यात तथ्य नाही. ऑनर्स कुठल्या विषयात घ्यावं, यावर माझा साधा निकष आहे: कुणी न सांगता मूल ज्या विषयाचं वाचतं, त्यात. दोन विषय निघाले तर दोन. एकही निघाला नाही तर एकही नको.

गणिताकडे वळू, कारण इथली चूक निस्तरायला वेळ लागतो. शिडी अशी: अल्जिब्रा 1, जॉमेट्री, अल्जिब्रा 2, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. (काही शाळांत पहिल्या तिघांऐवजी इंटिग्रेटेड मॅथ 1, 2, 3 असतं.) आठवीत अल्जिब्रा 1 झालं असेल तर नववीत जॉमेट्री, आणि बारावीत कॅल्क्युलस आपोआप येतं. नववीत अल्जिब्रा 1 असेल तर बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंत पोचता येतं. इंजिनिअरिंगची ओढ असलेल्या मुलाला कॅल्क्युलस हवं असेल तर मधे एक पायरी कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे गावातल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, करता येते. तिथला एका सेमिस्टरचा कोर्स यूसी हायस्कूलच्या वर्षभराएवढा धरते. म्हणजे वाट आहे. ती नववीच्या आधीच्या उन्हाळ्यातच चालली पाहिजे असं कुणी सांगितलं?

मागे एका ओळखीच्या घरी हाच विषय निघाला. मुलगा आठवीत अल्जिब्रा 1 करत होता, ग्रेड ए. वडिलांचा बेत असा की सुट्टीत सहा आठवड्यांत जॉमेट्री उरकायची आणि नववीत थेट अल्जिब्रा 2. मी मुलाला कागद दिला. क्षचा वर्ग, अधिक पाच क्ष, अधिक सहा, बरोबर शून्य. पोराने दहा सेकंदांत अवयव पाडून उत्तर लिहिलं: उणे दोन, उणे तीन. म्हटलं, छान, आता याचा ग्राफ काढला तर हे दोन आकडे कुठे दिसतील? तो कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मावशी, ते टेस्टमध्ये नव्हतं." ग्राफ आडव्या अक्षाला जिथे छेदतो तेच ते दोन बिंदू, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, घाईत ते निसटलं होतं. अशा मुलाला अजून पुढे ढकललं की दहावीपर्यंत ए येत राहतात आणि प्रीकॅल्क्युलसला पाय घसरतो. जॉमेट्री तर यूसीला केलेली दिसावीच लागते; अल्जिब्रा 2 च्या ग्रेडवर ती माफ होत नाही.

उलट तक्रारही असते: मूल तयार आहे, पण शाळेने खालच्या वर्गात टाकलं. त्यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. कॅलिफोर्नियात 2015 चा कायदा आहे. नववीत येणाऱ्या मुलांना गणिताच्या कुठल्या वर्गात बसवायचं याचं धोरण जिल्ह्याला (म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टला) लेखी आणि जाहीर ठेवावं लागतं, ते एकाहून अधिक वस्तुनिष्ठ निकषांवर आधारलेलं लागतं, आणि शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात मूल योग्य वर्गात आहे का हे पुन्हा पाहावं लागतं. आमच्याकडे ईमेल करताना 'माझा मुलगा हुशार आहे' असं लिहिण्यापेक्षा या धोरणाचा उल्लेख करून फेरतपासणी मागा. पहिल्या ईमेलला उत्तर द्यायला शब्द सुचत नाहीत, दुसऱ्याला उत्तर द्यावंच लागतं.

भाषेचं फार लांबवत नाही. जी घ्याल ती सलग घ्या, मधे वर्ष सोडू नका. आणि घरी मराठी असेल तर ती टिकवा. द्वैभाषिकतेची सरकारी मोहोर, 'सील ऑफ बायलिटरसी', सगळ्यांत आधी कॅलिफोर्नियाने आणली, 2011 च्या कायद्याने. तिच्यासाठी मराठीची क्षमता कशी सिद्ध करायची हे आपल्या जिल्ह्याला नववीतच विचारून ठेवावं, बारावीत धावपळ होते.

आता ती एक मोकळी चौकट. बहुतेक मुलांचा 'करिअर पाथवे', म्हणजे एका व्यवसायक्षेत्राच्या कोर्सची साखळी, इथूनच सुरू होतो. राज्याने सीटीईचे, म्हणजे व्यवसायाभिमुख शिक्षणाचे, 15 उद्योगविभाग आणि 58 पाथवे आखलेत: आरोग्य, शेती, बांधकाम, माहिती तंत्रज्ञान, गाड्यादुरुस्ती, हॉटेलव्यवसाय, कायदा-सुरक्षा असे कितीतरी. कुठलीही शाळा सगळे देत नाही. चार-पाच असले तरी पुष्कळ. एका पाथवेत किमान दोन कोर्स लागोपाठ असतात, पहिला तोंडओळखीचा आणि शेवटचा सखोल.

आपल्या लोकांना याबद्दल दोन गैरसमज असतात आणि गंमत म्हणजे ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एक गट पाथवेला शाखा समजतो: मेडिकलचा घेतला नाही तर डॉक्टर होता येणार नाही. दुसऱ्या गटाला वाटतं, हे कॉलेजला न जाणाऱ्यांसाठी, 'आपल्या' मुलांसाठी नव्हे. दुसऱ्या गटाचा मला जास्त राग येतो. सीटीईचे बरेच कोर्स ए-जीमध्ये मोजले जातात. आणि नाही मोजला गेला, म्हणून काय? आमच्या ऑटो शॉपमध्ये मल्टिमीटर घेऊन वायरिंगमधला दोष शोधणारी पोरं मी पाहते. इथे व्होल्टेज आहे, तिथे नाही, म्हणजे मधे कुठेतरी तुटलंय. फिजिक्सच्या वर्गात सर्किटच्या धड्याला जांभया देणारी हीच मुलं इथे तासभर बोनेटमध्ये डोकं घालून उभी असतात.

पहिल्या गटासाठी एका मुलीची गोष्ट. डॉक्टरच व्हायचं हे घरात ठरलेलं, म्हणून नववीपासून आरोग्याचा पाथवे. अकरावीत कोर्सचा भाग म्हणून ती एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषाकेंद्रात, जायला लागली. काही आठवड्यांनी माझ्याकडे येऊन म्हणाली, आजी-आजोबांशी बोलायला फार आवडतं, पण बीपी, नाडी, नोंदी यांचा कंटाळा येतो. आई हवालदिल. "तीन वर्षं वाया गेली की हो!" माझ्या मते यापेक्षा स्वस्तात हे कुठेच कळलं नसतं. ती आता सोशल वर्ककडे बघतेय. उद्या फिरून मेडिकलला जाईलही. पाथवेवर कसली सही झालेली नसते. मधेच सोडला तरी घेतलेले कोर्स आणि ग्रेड तुमचेच राहतात.

एक अपवाद सांगायला हवा. कॉम्प्युटर सायन्ससारख्या गर्दीच्या मेजरला कॉलेजात शिरल्यावर बदली मिळणं बऱ्याच ठिकाणी अवघड झालंय, तिथे अर्जातच नीट ठरवून लिहावं लागतं. पण तो निर्णय बारावीच्या सुरुवातीचा आहे, आठवीतल्या मुलाच्या डोक्यावर आजच ठेवायचा नाही.

म्हणून त्या चौकटीबद्दल माझं मत ठाम आहे: ती मुलाने भरावी. सिरॅमिक्स लिहिलं तरी, फूड सायन्स लिहिलं तरी. बाकी पाच चौकटींत त्याला फारसं कुणी विचारलेलंच नाही. आधी शाळेच्या संकेतस्थळावरचा कोर्स कॅटलॉग त्याला एकट्याला वाचू द्या, मग विचारा, का? 'मित्र घेतोय' हेही आठवीत चालण्यासारखं उत्तर आहे. बँडवाल्या मुलांची मात्र खरी अडचण असते. बँड चार वर्षं तीच एक जागा खातो, मग पाथवे बसत नाही. अशा वेळी झिरो पिरियड, म्हणजे शाळेच्या वेळेआधीचा जादा तास, आहे का, पीई उन्हाळ्यात करता येतं का, हे विचारा. प्रत्येक जिल्ह्याचं उत्तर वेगळं येईल.

शेवटी फॉर्मच्या तळाशी असलेल्या एका रकान्याबद्दल, जो निम्मे लोक कोरा सोडतात: 'ऑल्टरनेट', म्हणजे पहिली पसंती मिळाली नाही तर चालतील असे दोन पर्यायी कोर्स. तुम्ही या फॉर्मवर जे मागता त्यावरून शाळा ठरवते की रोबोटिक्सचे दोन वर्ग उघडायचे की तीन, आणि त्यासाठी शिक्षक लागणार किती. कमी मुलांनी मागितला तर कोर्स रद्दही होतो. पहिली पसंती न मिळालेल्या मुलाचा ऑल्टरनेट कोरा असेल, तर जिथे खुर्ची रिकामी तिथे आम्हाला त्याला बसवावं लागतं, आणि तो ऑगस्टमध्ये तोंड पाडून माझ्या दाराशी रांगेत उभा राहतो. 'आत्ता काहीतरी टाकू, मग बदलून घेऊ' हे तेव्हा चालत नाही, कारण वर्ग भरलेले असतात. दोन्ही ऑल्टरनेट असे लिहा, की मिळाले तर मूल कुरकुरेल, पण जाईल. आणि फॉर्म गुरुवारीच पाठवा. शुक्रवारी दुपारी आमची सिस्टिम हमखास अडकते.