लग्नाच्या फोटोंसाठी ब्लॅक अँड व्हाइट रोल निवडताना

मावसबहिणीचं लग्न गोव्यात फोंड्याजवळ, कवळ्याच्या एका हॉलमध्ये, तेही ऐन मे महिन्यात. रंगीत फोटोंसाठी फोटोग्राफर ठरलेलाच होता. माझ्याकडे आलं ते ब्लॅक अँड व्हाइट, तेही फिल्मवर आणि फ्लॅश न वापरता. मंगलाष्टकांच्या वेळी भटजींच्या तोंडावर फ्लॅश मारायला बाकीचे पाहुणे असतातच.

लग्नाआधी मुहूर्ताच्याच वेळी हॉलवर जाऊन उजेड मोजायचा मीटर लावून बघितला. होमाच्या जागी ४०० आयएसओला (हा फिल्मचा स्पीड; आकडा मोठा तितका कमी उजेड पुरतो) लेन्सचं तोंड एफ २ इतकं मोठं उघडूनही शटर १/१५ सेकंद येत होतं. सप्तपदीला माणसं चालणार, इतक्या सावकाश शटरला ती हललेली येणार, तेव्हा हे जमण्यासारखं नव्हतं. १६०० धरलं की १/६०. मग चालतंय.

इल्फर्ड कंपनीचा डेल्टा ३२०० हा रोल डोक्यात होता. पण त्याचा खरा स्पीड साधारण १०००च्या आसपास, किंमत जास्त, आणि इतका वेगवान रोल एक्स-रेला लवकर धुरकट होतो. कोडॅकचा ट्राय-एक्सही चालला असता, पण शेवटी इल्फर्डचाच ४०० आयएसओचा एचपी ५ प्लस घ्यायचा आणि १६०० पर्यंत पुश करायचा, म्हणजे १६०० चा समजून फोटो काढायचे आणि डेव्हलपिंग जास्त वेळ करायचं, असं ठरलं. पुश केला की सावलीतला तपशील जातो, कॉन्ट्रास्ट वाढतो. कोपऱ्यातल्या खुर्च्या काळ्यात गेल्या तर मला उलट बरंच. मुंबईहून येणाऱ्या आतेभावाने रोल कोकणकन्येने आणले, त्यामुळे विमानतळाची कटकटच नको.

खरी गंमत शालूची. मावशीकडून लाल शालू आणि हिरवा चुडा मागून घेतला आणि अंगणातल्या सावलीत एक रोल खर्ची घातला. निगेटिव्हवर दोन्ही जवळजवळ एकच राखाडी! चुडा कुठे संपतो नि पदर कुठे सुरू होतो, कळेना. पिवळा-हिरवा फिल्टर लावल्यावर चुडा उजळला, शालू गडद झाला. पण फिल्टर प्रकाश खातो, म्हणून तो फक्त बाहेर, वरातीला. आत हॉलमध्ये पिवळे बल्ब होते. त्या उजेडात लाल रंग फिल्मवर आपोआप जरा उजळ येतो, तेवढ्यावर भागवलं. अष्टपुत्रीची चिंताच नव्हती, पिवळं कापड छान उजळ उतरतं.

डेव्हलपिंग घरीच केलं. मायक्रोफेन या डेव्हलपरमध्ये १६०० साठी २० अंशांना ११ मिनिटं लागतात; मेमध्ये आमच्या नळाचं पाणी तिशीच्या घरात. परातीत बर्फ घालून डेव्हलपिंगची टाकी त्यात ठेवली. फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुवायचं पाणीही त्याच तापमानाला आणलं, नाहीतर इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या चित्राच्या थराला, सुरकुत्या पडण्याची भीती.

प्रिंट बघून मामी म्हणाली, "शालू काळा घेतला होता की काय रे?" तो फोटो वरातीतला होता, फिल्टर लावलेला. होमाच्या वेळचे तिला आवडले. आता निगेटिव्ह सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवल्यात. पावसाळ्यात इथे सगळ्यालाच बुरशी धरते.