हरणटोळाला चक्कर का येत नाही?

परसातल्या शेवग्यावर हरणटोळ सरळ उभा चढत होता. पुतणी म्हणाली, "काका, याचं रक्त शेपटीत नाही उतरत?" फक्कड प्रश्न! झाडावरच्या सापांचं हृदय डोक्याच्या बरंच जवळ असतं, त्यामुळे मेंदूपर्यंत रक्त चढवायचं अंतर कमी. रक्तदाबही चढा. त्यात अंग सडपातळ, कातडी घट्ट. खाली रक्त साचायला जागाच नाही.

समुद्री सापाचं उलटं. त्याचं हृदय शरीराच्या मध्याकडे सरकलेलं. समुद्रात ते चालून जातं, कारण बाहेरच्या पाण्याचा दाब आतल्या रक्ताला तोलून धरतो. हवेत डोकं वर करून धरला, तर मेंदूकडचा दाब कोसळतो. आमचे रापणकर मात्र जाळ्यात आलेला साप शेपटीला धरूनच भिरकावतात. तेवढीच त्याच्या मेंदूची सोय!